आल्प्सचा शिकारी : कड्यावरचा आणि कवितेतला

युरोपीय वाङ्मयाचा अभ्यास करताना आल्प्स पर्वत आपल्याला बहुधा 'उदात्त' या संकल्पनेच्या संदर्भात भेटतो. हिमशिखरे, दऱ्या, वादळ आणि या सर्वांपुढे थिजून उभा राहिलेला एकाकी कवी, असे ते चित्र असते. या चित्राच्या कोपऱ्यात पुष्कळदा आणखी एक माणूस दिसतो. त्याच्या खांद्यावर बंदूक किंवा धनुष्य असते, पायांत खिळ्यांचे जोडे असतात आणि त्याची नजर वरच्या कड्यावर असते. हा डोंगरी बकऱ्यांचा शिकारी. टीकाकारांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. मात्र सोळाव्या शतकापासून तो या वाङ्मयात सतत वावरत आला आहे, आणि प्रत्येक काळाने त्याच्याकडून वेगवेगळे काम करून घेतले आहे. ज्या कड्यांवर तो खरोखर चढत होता, त्या कड्यांचा इतिहास या वाङ्मयाशेजारी ठेवून वाचला तर काय दिसते, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

आधी प्राण्यांची ओळख करून घ्यायला हवी. आल्प्समध्ये या कुळातले दोन प्राणी आहेत. एक शाम्वा, ज्याला जर्मन भाषक 'गेम्झे' म्हणतात. हा चपळ, सडपातळ असून त्याची शिंगे आखूड आणि टोकाशी आकड्यासारखी मागे वळलेली असतात. काटेकोर अर्थाने तो बकरा नव्हे. पण शेळ्या-मेंढ्यांच्याच उपकुळातला आहे. दुसरा आयबेक्स, म्हणजे खरा रानबकरा. त्याचा नर शंभर किलोपर्यंत भरतो आणि त्याची मागे झुकलेली, गाठीगाठींची शिंगे मीटरभर लांब होऊ शकतात. दोघांच्याही खुरांची कड टणक आणि आतली गादी मऊ असते, त्यामुळे उभ्या खडकावर त्यांना पाय रोवता येतो. दोघांच्या स्वभावात मात्र मोठा फरक आहे. शाम्वाला धोक्याची चाहूल लागली की तो शीळ घालतो आणि कळप क्षणात नाहीसा होतो. आयबेक्स फार दूर पळत नाही. तो जवळच्या कड्यावर चढतो आणि तेथे उभा राहून खाली पाहतो. लांडग्यापासून बचाव करण्यास एवढे पुरेसे होते. बंदूक आल्यावर हाच स्वभाव त्याच्या जिवावर उठला.

या शिकारीचा पहिला मोठा वाङ्मयीन नायक स्वतः सम्राट होता. हाब्सबुर्ग घराण्यातील पहिला माक्सिमिलियान याला शाम्वाच्या शिकारीचे विलक्षण वेड होते. १५१७ साली न्यूरेंबर्ग येथे छापलेले 'टॉयरडांक' हे पद्यकाव्य त्याच्याच चरित्रावर रचलेले रूपक आहे. नायक आपल्या वधूकडे निघाला आहे आणि तीन दुष्ट सरदार त्याला वाटेत संकटात लोटत आहेत, असा त्याचा सांगाडा. या संकटांत शाम्वाच्या शिकारीचे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. निसटता दगड, घसरता पाय, कोसळणारे बर्फ अशा प्रत्येक प्रसंगातून नायक सुखरूप बाहेर पडतो. ग्रंथातील काष्ठचित्रांत उंच कड्यावर लांब भाला घेतलेला राजपुत्र दिसतो. इन्सब्रुकजवळच्या मार्टिन्सवांड या कड्यावर माक्सिमिलियान अडकला आणि एका देवदूताने त्याची सुटका केली, अशी आख्यायिकाही पुढे रूढ झाली.

त्या कड्यावरून सम्राटाला कोणी उतरवले असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. डोंगराच्या वाटा ज्याला पाठ होत्या, असा एखादा स्थानिक शिकारीच तो असणार. आख्यायिकेने त्याला पंख दिले आणि त्याचे माणूसपण काढून घेतले. ज्याच्या पदरी लेखक, चित्रकार आणि मुद्रक असतात त्याचे साहस ग्रंथबद्ध होते. ज्याच्या पायांवर ते साहस उभे असते तो चित्राच्या कडेला राहतो. या विषयाच्या वाङ्मयात ही विभागणी पुढे शतकानुशतके टिकलेली दिसते.

त्याच काळात शिकारीच्या हक्काचा प्रश्नही धुमसत होता. सरंजामी प्रदेशांत डोंगरावरचे जनावर धन्याचे असे. गावकऱ्याने ते मारले तर ती चोरी ठरे. स्विस खोऱ्यांतील शेतकऱ्यांना त्या मानाने अधिक मोकळीक होती. मात्र मोकळीक म्हणजे बेबंदपणा असे समीकरण तेथेही नव्हते. ग्लारूस या प्रांताने १५४८ साली कार्फ पर्वताच्या परिसरात शिकारीला बंदी घातली. युरोपातील सर्वांत जुन्या अभयक्षेत्रांत त्याची गणना होते. ही बंदी कोणा राजाने वरून लादली नव्हती. जनावरे कमी होत असल्याचे पाहून एका स्वायत्त पहाडी प्रांताने ती स्वतःवर घालून घेतली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आयबेक्सला मात्र अशा बंदीने वाचवले नाही. त्याच्या मांसापेक्षा त्याच्या औषधी मोलाची ख्याती मोठी होती. शिंगाची पूड, रक्त, पोटात सापडणारा खडा आणि हृदयाजवळचे क्रुसाच्या आकाराचे हाड, या सर्वांना औषधाच्या दुकानांत आणि तावीज म्हणून मागणी असे. साल्झबुर्गच्या आर्चबिशपांनी एकीकडे या प्राण्याला संरक्षण दिले आणि दुसरीकडे याच औषधांचा व्यवहार चालवला. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्यांच्या प्रदेशातला आयबेक्स संपला. ग्राउब्युंडेनच्या डोंगरांतून तो त्याआधीच, सतराव्या शतकात, नाहीसा झाला होता. पण तेथील राजचिन्हावर तो दिमाखाने उभाच राहिला. डोंगरातून गेलेले जनावर ढालीवर सुखाने नांदत होते.

यानंतर येते अठरावे शतक, आणि आपल्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार. जिनिव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना हे आडनाव ओळखीचे वाटेल. भाषावैज्ञानिक फेर्दिनां द सोस्यूर याचे ते पणजोबा. १७७९ ते १७९६ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आल्प्स-प्रवासवर्णनाच्या खंडांत शाम्वाच्या शिकाऱ्यांवर काही पाने आहेत. त्यांत अलंकरण जवळजवळ नाही. शिकारी रात्रीच घर सोडतो, कारण पहाटे जनावर चरायला येण्याआधी त्याला उंचावर पोहोचायचे असते. दुर्बिणीने तो उतार न्याहाळतो, वाऱ्याची दिशा सांभाळतो आणि खडकाआडून सरपटत पुढे जातो. शिदोरीला चीज आणि दगडासारखी वाळलेली भाकरी. दिवस मावळला तर तेथेच एखाद्या खडकाच्या आडोशाला रात्र काढायची. एवढे करून हाती लागते ते एका जनावराचे मांस आणि कातडे.

सोस्यूर प्रश्न विचारतात की मग हा माणूस हे का करतो? त्यांचे उत्तर असे की लाभ हे त्याचे कारण नव्हे. आशा आणि भीती यांच्या सततच्या हेलकाव्याची त्याला सवय जडलेली असते. जुगारी, सैनिक आणि दर्यावर्दी यांना जशी ती जडते तशीच. या यादीत ते पुढे आल्प्समध्ये हिंडणाऱ्या निसर्गशास्त्रज्ञाचाही, म्हणजे स्वतःचाच, समावेश करतात. निरीक्षक आणि निरीक्षित यांच्यातले अंतर त्यांनी असे स्वतःहून कमी केले आहे.

याच पानांवर सिक्स्ट गावच्या एका तरुण शिकाऱ्याची हकीकत आहे. हा देखणा जवान नुकताच लग्न झालेला होता. त्याने सोस्यूरना सांगितले की आपला आजा शिकारीत मेला, बापही शिकारीत मेला आणि आपलाही शेवट तसाच होणार याची आपल्याला खात्री आहे. शिकारीला नेण्याच्या झोळीला तो आपले कफन म्हणत असे, कारण दुसरे कफन त्याला लाभणार नव्हते. तरीही शिकार सोडण्याच्या अटीवर कोणी ऐश्वर्य देऊ केले तर आपण ते घेणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. दोन वर्षांनी सोस्यूरना कळले की कड्यावर त्याचा पाय चुकला होता आणि त्याचे भाकीत खरे ठरले होते. या तरुणाचे नाव सोस्यूरनी दिलेले नाही.

सोस्यूरचा आणि शिकाऱ्यांचा संबंध एवढ्यावर थांबत नाही. १७६० साली त्यांनी माँ ब्लांच्या शिखरावर जाण्याची वाट शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले होते. ८ ऑगस्ट १७८६ रोजी शामोनीचा डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार आणि स्फटिक व शाम्वा यांच्यामागे हिंडणारा झाक बाल्मा हे दोघे शिखरावर पोहोचले. पुढच्या वर्षी स्वतः सोस्यूर बाल्मा आणि इतर वाटाड्यांसह वर गेले. उंचावर रात्र काढणे, बर्फाचा अंदाज घेणे, भेगा टाळणे ही सारी विद्या शिकाऱ्यांजवळ पिढ्यान्‌पिढ्या साठलेली होती. विज्ञानाने आणि पुढे गिर्यारोहणाने ती उचलली. १८२१ साली शामोनीच्या वाटाड्यांचा संघ स्थापन झाला आणि शिकाऱ्याचे ज्ञान पगारी व्यवसायात रूपांतरित झाले. बाल्माच्या वाट्याला मात्र एक अपवादात्मक भाग्य आले. १८३२ साली त्याला भेटलेल्या अलेक्सांद्र द्युमाने त्याची कहाणी रंगवून लिहिली. त्यात बाल्मा एवढा मोठा झाला की डॉक्टर पाकारचे श्रेय झाकोळले, आणि ते परत मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. शिकाऱ्याला नाव मिळाले तेही दुसऱ्या कोणाचे नाव पुसून.

आता स्वच्छंदतावादी काळाकडे वळू. शिलरचे 'विल्हेल्म टेल' १७ मार्च १८०४ रोजी वायमार येथे रंगभूमीवर आले. शिलर स्वित्झर्लंडला कधीही गेला नव्हता. विषय त्याच्याकडे गटेकडून आला आणि तपशील जुन्या बखरींतून व प्रवासवर्णनांतून. तरीही शिकारीच्या बाबतीत त्याची जाण चकित करणारी आहे. पहिल्याच प्रवेशात त्याचा शिकारी सांगतो की शाम्वा चरताना पहारेकरी नेमतात आणि तो शीळ घालून इतरांना सावध करतो. टेल हा मूलतः या डोंगरांचा शिकारी आहे. चौथ्या अंकात जुलमी गेसलरची वाट पाहत तो दरीत बसतो, तेव्हाचे त्याचे स्वगत शिकारीच्याच भाषेत चालते. एका क्षुद्र जनावरासाठी शिकारी दिवसचे दिवस भटकतो, गुळगुळीत कड्यांवर स्वतःच्या रक्ताने चिकटून चढतो. आज मात्र आपण त्याहून मोठी शिकार साधणार आहोत, असा त्याचा आशय. शाम्वावर रोखलेला बाण माणसावर रोखला जातो तेव्हा शिकाऱ्याचे राजकीय नायकात रूपांतर पूर्ण होते.

परंतु या नाटकातला अधिक मोलाचा प्रवेश तिसऱ्या अंकाच्या आरंभी आहे असे मला वाटते. टेल निघण्याच्या तयारीत आहे आणि त्याची पत्नी हेडविग त्याला अडवते आहे. तो बर्फात वाट चुकला असेल, त्याची उडी फसली असेल, उलटलेल्या शाम्वाने त्याला कड्याखाली खेचले असेल, हिमकडा त्याच्यावर कोसळला असेल, असे शिकाऱ्याच्या घरी बसून वाट पाहणाऱ्या बाईच्या मनात येणारे एकेक चित्र ती बोलून दाखवते. टेल ते हसण्यावारी नेतो. आपले वाचनही बहुधा त्याच्याबरोबर पुढे निघून जाते, कारण सफरचंदाचा प्रसंग जवळ आलेला असतो. सिक्स्टच्या त्या तरुणाच्या नवपरिणीत पत्नीला सोस्यूरच्या पानांवर बोलायला मिळाले नव्हते. तिच्या जागी उभी राहून बोलते ती हेडविग. या संपूर्ण परंपरेत शिकारीचा हिशेब घरच्या बाजूने मांडणारी पात्रे फार थोडी आहेत, आणि म्हणूनच हा प्रवेश सावकाश वाचला पाहिजे.

बायरनने १८१६च्या सप्टेंबरमध्ये बर्न परगण्यातल्या आल्प्सचा प्रवास केला आणि पुढच्या वर्षी 'मॅन्फ्रेड' प्रसिद्ध झाले. युंगफ्राऊच्या कड्यावरून उडी घेऊ पाहणाऱ्या मॅन्फ्रेडला एक शाम्वाचा शिकारी वाचवतो, आपल्या झोपडीत नेतो, मद्य देतो, धीर धरायला सांगतो. मॅन्फ्रेड त्याचा उपदेश झिडकारतो, पण त्याच्या आयुष्याचा हेवाही करतो. निर्मळ मन, कष्टांचे दिवस, समाधानाचे वार्धक्य आणि शेवटी हिरवळीवर क्रूस व फुलांची माळ असलेली, नातवंडांच्या मायेने ओलावलेली शांत कबर, असे शिकाऱ्याचे भविष्य मॅन्फ्रेडला दिसते.

हे वाचताना सिक्स्टचा शिकारी आठवल्याशिवाय राहत नाही. ज्याच्या घराण्यात दोन पिढ्यांना कडेलोट झाला होता आणि ज्याने झोळीलाच कफन मानले होते, त्याच्याच व्यवसायबंधूला बायरनचा नायक सुखाच्या म्हातारपणाचे दान देऊन मोकळा होतो. बायरनला वास्तव ठाऊक नव्हते असे म्हणण्याचे कारण नाही. हे वाक्य मॅन्फ्रेडचे आहे, आणि स्वतःच्या दुःखात बुडालेल्या माणसाला दुसऱ्याचे जगणे नेहमीच सोपे दिसते. नाटककाराने पात्राचा हा दोष जाणून दाखवला असणे शक्य आहे. पण पुढच्या वाचकांनी ते वाक्य खरे मानले. सुखी, साधा, धोक्यातही शांत राहणारा पहाडी माणूस ही प्रतिमा प्रवाशांच्या सामानातून आल्प्सभर फिरली. १८८०मध्ये मार्क ट्वेनने तिची टर उडवली ती म्हणूनच. 'अ ट्रॅम्प अब्रॉड'मध्ये तो शाम्वा म्हणजे हॉटेलच्या बिछान्यात झुंडीने सापडणारा, चावणारा काळा किडा, असे गंभीर चेहऱ्याने सांगतो. ट्वेनच्या काळापर्यंत शिकार ही प्रवाशांना विकण्याची गोष्ट झाली होती, आणि विनोदाचा रोख तिच्यावर आहे.

येथे एका मौनाची नोंद घेतली पाहिजे. शिलर आणि बायरन या दोघांचेही जनावर शाम्वा आहे. आल्प्सचा खरा सम्राट जो आयबेक्स, तो या नाटकांतून जवळजवळ गैरहजर आहे. याचे कारण साधे आहे : तो कड्यांवरच उरला नव्हता. आजच्या स्वित्झर्लंडमधला शेवटचा आयबेक्स १८०९च्या सुमारास व्हाले प्रांतात मारला गेला. उदात्ताचे काव्य बहरत असतानाच त्या उदात्त प्रदेशाचा सर्वांत उंचावरचा रहिवासी नाहीसा होत होता, आणि काव्याला त्याची दखल घेण्याचे कारण दिसले नाही.

संपूर्ण आल्प्समध्ये आता आयबेक्स उरले होते ते पीडमाँट-साव्हॉयच्या राज्यातील ग्रान पारादीसो या एकाच गिरिसमूहात, आणि तेही शंभराच्या आतबाहेर. वनाधिकारी योझेफ त्सुमश्टाइन याच्या खटपटीने २१ सप्टेंबर १८२१ रोजी त्यांच्या शिकारीवर बंदी आली. १८५६ साली राजा दुसरा व्हित्तोरियो इमान्युएले याने हा प्रदेश आपले खास शिकारक्षेत्र केला. गावांनी शिकारीचे हक्क राजाच्या स्वाधीन केले; काल जी रोजची वहिवाट होती तो आज गुन्हा झाला. जे चोरट्या शिकारीत निष्णात होते त्यांनाच राजाने पहारेकरी नेमले. खेचरांसाठी तीनशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या वाटा बांधल्या गेल्या. राजा घोड्यावरून वर जाई, दगडी आडोशात बसे, आणि गावकरी हाकारे घालून आयबेक्स त्याच्या बंदुकीसमोर आणीत. सिक्स्टच्या शिकाऱ्याने ज्या चढणीसाठी प्राण दिले, ती चढणच येथे रद्द झाली होती. सार्रे येथील राजवाड्याच्या भिंती आजही आयबेक्सच्या शिंगांनी भरलेल्या आहेत. आणि तरीही हे मान्य केलेच पाहिजे की हा राजा शिकारीचा एवढा हौशी नसता तर आयबेक्स उरला नसता.

१९०६ साली या कथेला आणखी एक वळण मिळाले. स्वित्झर्लंडला आयबेक्स परत हवा होता. इटलीच्या राजाने जनावरे द्यायला नकार दिला. तेव्हा आवोस्ता खोऱ्यातील चोरट्या शिकाऱ्यांनी ग्रान पारादीसोमधून पिल्ले पळवली आणि सरहद्दीपार नेली. सांक्ट गालेन येथील 'पीटर आणि पॉल' या प्राणिउद्यानाने ती विकत घेतली. तेथे वाढलेली जनावरे ८ मे १९११ रोजी पहिल्यांदा मोकळ्या डोंगरात सोडण्यात आली. डोंगराचे जे ज्ञान पूर्वी मारण्यासाठी वापरले जाई, तेच येथे पिल्लू जिवंत खाली आणण्यासाठी कामी आले. कायद्याच्या दृष्टीने ती चोरीच होती. १९२२ साली ग्रान पारादीसो इटलीचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, तेथे ४१६ आयबेक्स उरले होते. रेंझो व्हिदेसोत यांनी उद्यानाची घडी पुन्हा बसवली. आज आल्प्समध्ये पन्नास हजारांहून अधिक आयबेक्स आहेत. ते सर्व त्या एका मूठभर कळपाचे वंशज असल्यामुळे त्यांची आनुवंशिक विविधता फार कमी आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९७७पासून त्यांची मर्यादित शिकारही नियमाने चालते.

हा इतिहास आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील कड्यांवर राहणाऱ्या नीलगिरी ताहरला ब्रिटिश शिकारी 'आयबेक्स'च म्हणत. आल्प्सचा शब्द त्यांनी निलगिरीवर आणून चिकटवला. १८७७ साली तेथे शिकाऱ्यांची संघटना निघाली आणि १८७९ साली कायदा झाला. मुन्नारजवळचे एरविकुलम हे मळेवाल्यांचे शिकारक्षेत्र होते. मुदुवान आदिवासी त्यांचे पहारेकरी आणि वाटाडे होते. १९७५ साली ते अभयारण्य आणि १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झाले. धनिकांची हौस, स्थानिकांचे पाय आणि शेवटी वाचलेले जनावर, हा क्रम येथेही तोच आहे. शिकारीच्या आठवणी इंग्रजीत छापल्या गेल्या; मुदुवान वाटाड्यांनी लिहिलेल्या आठवणी त्या कपाटात नाहीत.

वाङ्मयाच्या वर्गात आपण 'विल्हेल्म टेल' स्वातंत्र्याचे नाटक म्हणून आणि 'मॅन्फ्रेड' आत्मपीडेचे काव्य म्हणून शिकवतो. ते योग्यच आहे. पण शिकारी हे या दोन्ही कृतींत नुसते प्रतीक नाही. त्याच्यामागे एक व्यवसाय, एक कुटुंब, एक हक्काचा झगडा आणि संपत चाललेली एक प्राणिजाती आहे. माक्सिमिलियानने त्याला देवदूत केले, शिलरने मुक्तिदाता, बायरनने संत आणि द्युमाने विजेता. त्याच्या तोंडचे त्याचेच शब्द आपल्यापर्यंत पोहोचले ते एका शास्त्रज्ञाच्या प्रवासवर्णनातून, तेही निनावी. पुढच्या वेळी 'मॅन्फ्रेड'मधला तो झोपडीचा प्रवेश शिकवताना सोस्यूरची ती पाने विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत. हिरवळीवरची कबर आणि खांद्यावरचे कफन एकत्र वाचल्यावर कवितेची किंमत कमी होत नाही. तिने काय वगळले आहे तेवढे मात्र दिसू लागते.